पंधरा हजारांच्या वर

लिएपायात नोव्हेंबर म्हणजे
दुपारी चारलाच दिवा.
इल्मार्स येतो. खिशात ट्रान्झिस्टर,
कागदात गुंडाळलेले, दुधाच्या दातांसारखे.
"पाय मोडू नकोस, आता मिळत नाहीत."
फौज गेली त्या वर्षी बराकीमागच्या ढिगातून
त्याने पोतंभर वेचले होते.
चाळिशीत होतो आम्ही. केस होते.

टेबल माझं, राळेचा धूर त्याचा.
डबा स्प्रॅट माशांचा, चपटा, सोनेरी.
राखेने घासला, व्हिनेगरने धुतला,
तरी सर्किट तापलं की
व्हायोलिनला माशांचा वास येतोच.

पहिला अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरला.
अर्थिंग दोन ठिकाणी जोडलेलं.
"एका घरात दोन कर्ते," इल्मार्स म्हणाला,
आणि एक तार कापली.
दुसऱ्याने पोलंडचं रेडिओ स्टेशन पकडलं,
बटाट्यांचे भाव सांगत होता.
तिसरा जळला. चौथ्याबद्दल आम्ही बोलत नाही.

सातवा मात्र जमला.
बटण पूर्ण फिरवून हेडफोन कानाला दाबला
तर आत फक्त स्वतःचं रक्त.
इल्मार्सने टोपी काढली.
झाकणावर खिळ्याने टोचून मी आकडा लिहिला.

त्याच दिवसापासून त्याचा कुत्रा रेक्सिस
टेबलाखाली न झोपता
दाराबाहेर पायपुसण्यावर झोपू लागला.
"म्हातारा झालाय," इल्मार्स म्हणाला.

मग तीन वर्षं आम्ही कपॅसिटर बदलत बसलो.
इल्मार्सला पिवळ्यात लोणी ऐकू येई,
निळ्यात काच.
मला काही नाही. एकतीस वर्षं बंदरातल्या क्रेनवर
मोटारीशेजारी बसलेला माणूस मी.
पण मान हलवायचो.
मैत्रीत तेवढं चालतं.

परवा वरच्या मजल्यावरची पाउला आली,
नऊ वर्षांची, किल्ली विसरलेली.
तिला कोको दिला, सातवा दिला.
तिने हेडफोन लावला, आणि
भाजल्यासारखा काढून फेकला.
"शिटी वाजतेय!"
कुठे?
"सगळीकडे. तुम्हाला नाही येत ऐकू?"

वाढलेल्या पानात पाहुण्याला केस सापडावा
तसे आम्ही एकमेकांकडे बघितलं.

वही काढली. होतं, माझ्याच अक्षरात.
बॅटरीच्या नऊ व्होल्टचे अधिक-उणे नऊ करणारा
तो छोटा कन्व्हर्टर
सेकंदाला पंधरा हजार वेळा थरथरतो.
पुढे पेन्सिलीने: ऐकू येण्यापलीकडे.
कुणाला, ते लिहिलेलं नव्हतं.

पाउला स्टुलावर बसली.
मी कथील वितळवलं, एक कपॅसिटर उपटला,
त्याहून बारीक दुसरा लावला.
"आहे."
आणखी बारीक.
"आहे, पण सुईएवढी."
इल्मार्सचा हात कापत होता, चिमटा मी धरला.
"…गेली."
आमचा मीटर म्हणजे ते तोंड,
वरच्या ओठावर कोकोची मिशी.

ती गेल्यावर आम्ही आळीपाळीने ऐकलं.
अगदी कालच्यासारखंच.
लोणी तिथेच, काच तिथेच, म्हणाला इल्मार्स,
पण जरा हळू आवाजात.
डॉक्टरच्या कागदावर ठेवावा
तसा विश्वास ठेवला आम्ही.

मग त्याला काहीतरी आठवलं.
त्याने दार उघडलं, हाक मारली.
रेक्सिस उंबऱ्यापर्यंत आला.
कान उभे केले. डब्याकडे बघितलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि पुन्हा जाऊन पायपुसण्यावर पसरला.

मी वहीत पंधरा खोडून अठ्ठावीस लिहिले.
बाहेर वारा होता,
तेवढा आम्हा दोघांनाही ऐकू येत होता.
इल्मार्सने कपाटातून नवा स्प्रॅटचा डबा काढला,
दोन मासे कुत्र्याला, दोन स्वतःला,
आणि रिकामा होण्याआधीच झाकणावर
खिळ्याने टोचलं: ८.